भगवंतरावांच्या पाच फळ्या

वय झालं की माणसानं माफ करायला शिकावं, असं आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांचं मत आहे. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातली आमची ही बिल्डिंग चार मजली, आणि तिच्यात सकाळी प्राणायाम करून दिवसभर जगाला माफ करत बसलेली म्हातारी माणसं भरपूर. दुसऱ्या मजल्यावरच्या रेणूताई सोळंके मात्र त्यांतल्या नाहीत. त्या ऐंशीच्या आहेत, एकट्या राहतात, लग्न केलं नाही, गुडघे गेलेत, आणि एका माणसाला त्यांनी पंचाहत्तर वर्षं माफ केलेलं नाही. तो माणूस मरूनही आता चाळीस वर्षं झाली. त्यानं त्यांना काही फरक पडलेला नाही.

मला त्या यासाठीच आवडतात, हे आधीच सांगून टाकते. मी मंगला, पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीमुळं इथं आले आणि इथलीच झाले. माझाही राग लवकर जात नाही, पण रेणूताईंपुढं मी किरकोळच.

त्या माणसाचं नाव एकनाथराव जहागीरदार. गोदावरी एअरवेज नावाची एक खासगी विमानकंपनी तेव्हा बेगमपेठच्या विमानतळावरून चालायची, तिचे ते मॅनेजर. रेणूताईंचे वडील भगवंतराव त्याच कंपनीत मेकॅनिक. परभणीकडच्या शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, मोटेच्या विहिरीवर इंजिन आलं तेव्हा ते उघडून बघायच्या नादात शेती सोडून हैदराबादला आलेला. महायुद्ध संपलं होतं आणि लष्कराची जुनी डकोटा विमानं कंपन्यांना स्वस्तात मिळत होती. दोन पंख्यांची ही विमानं टपाल, माणसं, कापड, कोंबड्यांची पिल्लं, जे मिळेल ते वाहून न्यायची. पडायचीही बरीच. रेणूताई सांगतात, त्या काळात दर दोन-चार महिन्यांनी पेपरात कुठलं ना कुठलं विमान पडल्याची बातमी असायची, आणि चौकशी झाली की कुणाच्या तरी नावानं खापर फुटायचंच.

आता फळ्यांची गोष्ट सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच अडलंय. विमान जमिनीवर उभं असलं की वाऱ्यानं त्याच्या पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग आपटतात. म्हणून त्यांच्यावर लाकडी फळ्या चिमट्यासारख्या बसवायच्या. दोन पंखांना दोन, शेपटीला तीन, अशा पाच. उडायच्या आधी मेकॅनिकनं पाचही काढायच्या आणि मागच्या दाराजवळच्या पेटीत ठेवायच्या. एक जरी राहिली तर वैमानिकाला विमान आवरत नाही. भगवंतरावांची एक पद्धत होती. पेटीत फळ्या खडखडतात म्हणून ते पाचही एकावर एक ठेवून चऱ्हाटानं बांधायचे, बैलाच्या गळ्यातल्या दाव्याला मारतात तशी गाठ मारून. बाकीचे मेकॅनिक हसायचे. म्हणायचे, सोळंके, विमानाला वैरण पण घाल.

एकोणीसशे एकोणपन्नासच्या डिसेंबरात एका सकाळी नागपूरला निघालेलं डकोटा धावपट्टीवरून उठलं, नाक वर करत करत गेलं आणि तीन मैलांवर शेतात आपटलं. आग लागली नाही. अकरा माणसं मात्र गेली.

विमान का पडलं ते भगवंतरावांना त्याच दिवशी कळलं होतं. मॅनेजरसाहेबांच्या सांगण्यावरून शेपटीकडे कापडाची गाठोडी चढवली होती, बावीस. भगवंतरावांनी तोंडावर सांगितलं होतं, साहेब, मागं बारांच्या वर नको, नाक खाली राहणार नाही. साहेब म्हणाले, तू फळ्या काढ, बाकीचं मी बघतो. चौकशीत एकनाथरावांनी शपथेवर सांगितलं, गाठोडी अकराच होती. आणि अपघाताच्या जागी पेटीत फळ्या चारच मिळाल्या, पाचवी शेपटीलाच राहिली होती, असंही. विमानाचं नाक असं वर जायला दोन्ही कारणं चालतात, आणि दुसऱ्या कारणात मॅनेजरचं काही जात नव्हतं. वैमानिक मोठ्या घरातला होता, त्याच्या नावालाही धक्का लागला नाही. भगवंतरावांचं लायसन्स गेलं, पेपरात नाव छापून आलं. ते कात्रण रेणूताईंकडे आहे. पिवळं पडलंय, पण त्यांना बघायची गरज पडत नाही. 'मेकॅनिक भगवंत सोळंके याच्या हलगर्जीपणाने अकरा बळी.' पाठ आहे.

रेणूताई तेव्हा पाच वर्षांच्या. घर गावाकडं परत गेलं. गावात त्यांच्या आईला पाणवठ्यावर बायका जागा करून द्यायच्या, मायेनं नाही, अंगाला अंग लागू नये म्हणून. भगवंतरावांना कुणी पाण्याच्या इंजिनालासुद्धा हात लावू देईना. त्या रिकामपणात त्यांनी लेकीला मोडी लिहायला-वाचायला शिकवलं, दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पुढं रेणूताई शिकल्या आणि हैदराबादला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून वाट बघत बसावं लागायचं, आणि लाइन जोडणं ऑपरेटरच्या हातात. हिमायतनगरच्या जहागीरदारांचा कॉल आला की रेणूताई ती चिठ्ठी सगळ्यात खाली सरकवायच्या.

"एकदा नागपूरचा कॉल पाच तास थांबवला मी," त्या मला सांगत होत्या, आणि चेहऱ्यावर पुरणपोळी खाल्ल्यासारखं समाधान. "त्यांच्या पोराच्या लग्नाची बोलणी चालली होती."

"मग? मोडलं लग्न?"

"नाही गं. झालं मेलं."

असले बारीकसारीक सूड त्यांनी चौदा वर्षं घेतले. पण त्यांचं मागणं वेगळंच होतं. पेटीत फळ्या पाच होत्या, हे जहागीरदारांच्या घरातल्या माणसानं चार लोकांत स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं होतं. कोर्ट नको, भरपाई नको. फक्त एवढंच. एकनाथराव कबूल न करताच मेले. त्यांचा मुलगा मिलिंद याला रेणूताई एकदा भेटायलाही गेल्या होत्या. त्यानं दारातूनच सांगितलं, बाई, जुन्या गोष्टी उकरू नका. तेव्हापासून त्या थांबल्या होत्या. थांबणं त्यांना चांगलं जमतं.

आणि मग गेल्या वर्षी मी एक उद्योग केला. आपल्या मराठी लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर कुणीतरी विचारलं, मोडी लिपी वाचणारं कुणी आहे का? मी लगेच टाकलं, आमच्या रेणूताई वाचतात. विचारणाऱ्याचं आडनाव मी बघितलंच नाही. दोन दिवसांनी लिफ्टमधून एक उंच, हसरा मुलगा उतरला, हातात मोठा लिफाफा. कुलदीप जहागीरदार. आयटीत आहे, तीस-बत्तीसचा.

रेणूताईंचं दार मीच उघडलं आणि नाव ऐकून वळून त्यांच्याकडं बघितलं. रेणूताई मात्र खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. त्यांनी नुसतं "ये, बस लेकरा" म्हटलं.

त्यानं आधी वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, "आजी, मला मराठी बोलायला येते, वाचायला जरा परेशानी होती. आणि हे तर मराठी पण नाही वाटत, जिलबी वाटते. माझे आजोबा एव्हिएशनमध्ये होते. त्यांच्यावर बुक काढतोय मी. हा फोटो त्यांच्या पेटीत मिळाला, पाठीमागं त्यांचं हँडरायटिंग आहे. ते पण छापणार आहे, डिझाइनसारखं. एकदम पुराना लुक येतो."

फोटो शेताचा होता. मोडलेलं विमान मागं, पुढं सुटाबुटातले एकनाथराव, आणि त्यांच्या पायाशी गोळा करून ठेवलेलं सामान. त्या सामानात लाकडाचा एक जुडगा होता. मोजता येईल इतका स्पष्ट नव्हता. चऱ्हाटाची गाठ मात्र दिसत होती.

रेणूताईंनी फोटो उलटा केला. मागचं वाचलं. मी त्यांच्याकडं बघत होते, पण त्यांचं तोंड काही सांगेना. फक्त चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"काय आहे, आजी? काही आशीर्वाद वगैरे?"

"त्या दिवशी जे झालं ते लिहून ठेवलंय," रेणूताई म्हणाल्या. "तुझा आजोबा सगळं लिहून ठेवणारा माणूस होता. चांगली सवय."

"वॉव. तर मग फंक्शनमध्ये तुम्हीच वाचा ना! हिमायतनगरला हॉल घेतलाय, पुढच्या महिन्यात, संडे सकाळी. मी फोटो मोठा करून लावतो, दोन्ही साइड. तुम्ही स्टेजवर वाचायचं. प्लीज."

"वाचते की," त्या म्हणाल्या. "छापताना एक अक्षर कापू नकोस मात्र."

"नाही नाही, पक्का!"

तो चहा पिऊन, पुन्हा नमस्कार करून, खूश होऊन गेला. दार लागल्यावर मी विचारलं, काय आहे त्याच्यात? रेणूताईंनी मोबाइलवर काढून घेतलेला फोटो उघडला आणि मला शब्दशः वाचून दाखवलं. मी खुर्चीत बसूनच राहिले. एकनाथरावांनी अपघाताच्या जागी पोचल्या पोचल्या, खोटं सुचायच्या आधी, मिळालेल्या सामानाची यादी केली होती. फोटो काढून घेतला, त्याच संध्याकाळी तो धुऊन आल्यावर मागं यादी उतरवली, आणि नंतर ते दोन्ही फाडायला त्यांचा जीव झाला नाही. आणि आता त्यांचाच नातू, जिलबी समजून, ते भिंतीएवढं करून टांगणार होता.

मी खरं सांगते, पुढचा महिना मला जड गेला. कुलदीप अधूनमधून यायचा. चिक्कडपल्लीतून रेणूताईंसाठी गरम इडल्या आणायचा, त्यांच्या गुडघ्यासाठी डॉक्टरचा नंबर दिला, पुस्तकाचं कव्हर दाखवायला आला. पोरगं खरंच चांगलं होतं. रेणूताई त्याच्या हातच्या इडल्या चवीनं खायच्या. त्यानं एकदा विचारलं, आजी, तुमचे वडील काय करायचे? त्या म्हणाल्या, मेकॅनिक होते. कुठे? इथंच. त्यानं पुढं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी मी म्हणाले, "रेणूताई, ह्याला घरी बसवून सांगा. तो ऐकेल. पुस्तकात दुरुस्ती करेल. त्याचा काय दोष?"

"काहीच नाही."

"मग?"

"माझ्या बापाचाही नव्हता," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी घरी बसवून सांगितलं नाही. पेपरात छापलं. घरी सांगितलेलं घरात राहतं, मंगला. हे मला भर सभेत पाहिजे, त्यांच्याच मांडवात, त्यांच्याच माइकवर. आणि तू मध्ये पडलीस तर आपला चहा बंद."

मी मध्ये पडले नाही. चहाच्या धाकानं नाही. मलाही ते बघायचं होतं, ते लपवण्यात काय अर्थ आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी रेणूताई कधी नव्हे ती इरकली साडी नेसल्या. हॉल भरलेला होता. जुने हैदराबादी मराठी लोक, कुलदीपच्या ऑफिसातली मंडळी, पहिल्या रांगेत मिलिंदराव जहागीरदार, शाल घेऊन बसलेले. स्टेजवर एकनाथरावांचा हार घातलेला फोटो आणि शेजारी तो शेतातला फोटो, माणसाच्या उंचीचा, आणि त्याच्या बाजूला त्याची पाठ. मोडी अक्षरं हातभर मोठी झाली होती. दोन-तीन भाषणं झाली. एकनाथराव किती शिस्तीचे, किती सचोटीचे. रेणूताई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. मला त्या मान डोलावण्याची भीती वाटत होती.

मग कुलदीपनं माइक घेतला. "आता एक खास गोष्ट. आमच्या आजोबांचे स्वतःचे शब्द, मोडीतून. वाचणार आहेत आपल्या लाडक्या रेणूआजी." टाळ्या झाल्या. त्यानं हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या.

रेणूताईंनी काठी टेकली. "मी रेणू भगवंतराव सोळंके," त्या म्हणाल्या. पहिल्या रांगेत मिलिंदराव एकदम ताठ झाले. त्यांना नाव आठवलं होतं.

रेणूताई काठीनं एकेक ओळ दाखवत वाचू लागल्या, बातम्या वाचाव्यात तशा सपाट आवाजात.

"'जागेवर मिळालेलं सामान. टपालाच्या थैल्या नऊ. कातडी पेट्या सहा, फुटलेल्या. कापडाची गाठोडी बावीस, शेपटीकडे. लाकडी फळ्या पाच, पेटीत, चऱ्हाटानं बांधलेल्या. सही, एकनाथ जहागीरदार.' खाली अपघाताची तारीख आहे."

सभागृहाला काही कळलं नाही. कुणी तरी सवयीनं टाळीही वाजवली. मग त्यांनी पर्समधून कात्रण काढलं आणि तेही वाचलं. याच माणसानं दोन महिन्यांनी शपथेवर काय सांगितलं ते. गाठोडी अकरा. फळ्या चार. मेकॅनिकचं नाव. "तो मेकॅनिक माझा बाप," त्या म्हणाल्या.

मिलिंदराव उठून उभे राहिले. "बंद करा तो माइक! मोडी इथं कुणाला येते? ही बाई काहीही वाचेल! हिचा आमच्या घरावर जुना राग आहे."

"आहेच," रेणूताई म्हणाल्या. "नाही कोण म्हणतंय?" मग त्या कुलदीपकडं वळल्या. तो हातात फुलांचा गुच्छ घेऊन तसाच उभा होता, त्यांना द्यायला आणलेला. "अक्षरं तुला येत नाहीत लेकरा, पण मोडीतले आकडे आपल्यासारखेच असतात. ही ओळ फळ्यांची. हा आकडा बघ. कितीचा आहे?"

कुलदीप फोटोजवळ गेला. त्यानं बराच वेळ बघितलं. मागून मिलिंदराव ओरडले, कुलदीप, खाली ये. तो गेला नाही. मला वाटलं, पळेल हा. मला वाटलं, पळावं ह्यानं. दोन्ही वाटलं.

"पाच," तो म्हणाला. माइक त्याच्या हातात नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"पुन्हा सांग. मागं ऐकू गेलं नसेल."

"पाच आहे. फळ्या पाच होत्या." आणि मग, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी, तो म्हणाला, "माझे आजोबा खोटं बोलले."

रेणूताईंनी काठी खाली टेकवली. जे पंचाहत्तर वर्षं मागितलं ते मिळालं होतं, त्या घराच्या तोंडून, चारशे लोकांत. मिलिंदराव निघून गेले. लोक उठले, कुजबुजले, अर्धे जेवायच्या टेबलांकडं वळले. मी स्टेजवर गेले, रेणूताईंना खुर्ची दिली. मला वाटलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर तो ट्रंक कॉलवाला आनंद दिसेल. तो काही दिसेना.

कुलदीप त्यांच्यासमोर पायरीवर बसला. डोळे लाल होते. "आजी, मला घरी का नाही सांगितलं? मी छापलंच नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

त्यानं डोळे पुसले. मग कसला तरी आधार शोधत असल्यासारखा म्हणाला, "पण तुमच्या बाबांना तर माहीत होतं ना? की त्यांची मिस्टेक नव्हती? त्यांना तेवढं तरी समाधान असेल."

रेणूताईंनी काठी बाजूला ठेवली. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखते. त्यांचा आवाज असा फुटलेला मी कधी ऐकला नव्हता.

"सुरुवातीला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण सगळं जग चार म्हणतंय, पेपर चार म्हणतोय, साहेब शपथेवर चार म्हणतात. वीस-पंचवीस वर्षं ऐकलं त्यांनी. जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, 'रेणू, राहिली असेल गं एक माझ्याकडून.' माझा हात धरून म्हणाले. मी तेव्हा 'नाही बाबा' असं म्हणायला पाहिजे होतं."

"मग? म्हणालात ना?"

"नाही. मी नुसता हात थोपटला. कारण मलाही वाटलं होतं, राहिली असेल. तू लिफाफा उघडेपर्यंत, लेकरा, मला वाटतच होतं."

रेणूताईंनी कुलदीपच्या हातातून तो गुच्छ घेतला आणि मला म्हणाल्या, मंगला, रिक्षा बघ.